उडता चाडियो

“अगं, हात रिकामे आहेत ने? मग हे धर.”

असं म्हणत काकींनी भिंतीवरून पिशवी सोडली आणि मी ओळखलं, आता तासभर तरी आपण घरात जात नाही. काकींनी वाटी दिली तर बातमी लहान असते, पिशवी दिली तर मोठी. पिशवीत तीन-चार किलो तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. वासी उत्तरायण होऊन तीन दिवस झाले होते. समोरच्या आसोपालवाला अजून मांजा लोंबत होता. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत टेनामेंटं एकमेकांना चिकटून आहेत आणि मधली भिंत कमरेएवढीच आहे. बांधणाऱ्याने विटा वाचवल्या, पण आमची सोय करून गेला.

“लीलवा काढ. कचोरी कर. रोझांनी ठेवल्यात त्या आहेत.”

लीलवा म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, रोझ म्हणजे नीलगाय. माझ्या माहेरी, यवतमाळकडे, तिला रोही म्हणतात. नाव कुठलंही असो, रात्रीतून तुरीचा शेंडा खुडायची तऱ्हा एकच. काकींचा भाचा डभोईकडे शेती करतो. गायकवाडीत पणजोबांना मिळालेल्या जमिनीतले उरले-सुरले विघे आहेत. कापूस, तूर, बांधाशी थोडा एरंड. त्याच्या शेतावर या वर्षी काय काय झालं ते मी तुकड्यातुकड्यांनी ऐकत आले होते, पण शेवटचा तुकडा बाकी होता. काकींनी स्टूल ओढलं, मी कुंडीच्या कठड्यावर टेकले, आणि मध्ये भिंतीवर परात ठेवून दोघी शेंगा सोलायला बसलो.

“विमानाचं तुला सांगितलं ने मी?”

“भादव्यातलं? सांगितलंत. पण परत सांगा.”

काकींना परत सांगा म्हटलेलं फार आवडतं. गोष्ट अशी, की भादव्यात कापसावर तुडतुडे आणि मावा पडला. पाठीवरचा पंप घेऊन फवारायला माणूस मिळेना, मिळाला तर मागेल तो दाम. शेवटी भाच्याने ड्रोन बोलावलं. आमच्याकडे त्याला कुणी ड्रोन म्हणत नाही. सरकारने २०२२ च्या ऑगस्टमध्ये गांधीनगरजवळच्या इसनपूर मोटा गावातून योजना सुरू केली तेव्हा तिचं नावच ‘कृषी विमान’ ठेवलं. त्यामुळे काकींच्या तोंडी विमान बसलं ते बसलंच.

“आणि विमान उडवायला कोण आली असेल? सखी मंडळातली एक सून. सासरा बरोबर आलेला म्हणून लाज काढून उभी, नि हातात एवढा मोठा रिमोट!”

लाज काढून म्हणजे गुजरातीत डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून. मराठीत लाज काढणं म्हणजे भलतंच. मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा शेजारणीने “नवी सून सासऱ्यासमोर लाज काढते” असं कौतुकाने सांगितलं होतं, आणि मी घाबरून घरात पळाले होते.

“दहावी झालेली,” काकी म्हणाल्या. “पंधरा दिवस शिकून आली. माझ्या भावजयीने तिला विचारलं, विमान चालवतेस तर स्कूटी येते का? तर म्हणे, स्कूटी नाही येत.”

पलीकडे झोपाळ्यावर काका पेपर वाचत होते. ते वाचत असतात तेव्हा ऐकत नाहीत, असा काकींचा समज आहे. कड्या करकरल्या आणि आतून आवाज आला, “ड्रोन पंधरा हजार बचत गटांना द्यायचं केंद्राचं ठरलं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरात मंजुरी. १,२६१ कोटी. किमतीच्या ८० टक्के सरकार देणार, जास्तीत जास्त आठ लाख.”

“तुम्ही वाचा हो.”

“वाचूनच सांगतोय. आणि ते विमान शेतात कशावरून नेलं ते सांग हिला.”

काकी हसल्या. आदल्या दिवशी सरी येऊन काळी माती अशी झाली होती, की तीनचाकी रस्त्यावरच अडकली. मग ड्रोन, बॅटऱ्या, औषधाच्या बाटल्या आणि पाण्याचे कॅन, सगळं बैलगाडीवर घातलं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना यात फार गंमत वाटते. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम गायकवाडांनी छोटी रेल्वे टाकली तेव्हा डबे ओढायला बैलच होते. इंजिन नियमित धावायला १८८० उजाडलं. “डभोईची रीतच आहे,” काका म्हणाले. “नवी वस्तू आली की आधी बैल जुंपायचे.”

फवारणी मात्र पाहण्यासारखी झाली म्हणे. टाकी दहा लिटरची. पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, इथे दहा लिटरमध्ये एकर, तोही सात-आठ मिनिटांत. पिकाच्या दोन-तीन मीटर वरून विमान जातं, पंख्यांच्या वाऱ्याने पानं उलटीपालटी होतात, आणि खालच्या बाजूला लपलेल्या माव्यालाही औषध लागतं. पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी संपते. ती बदलायची, टाकी भरायची, की पुन्हा उडालं. ‘कृषी विमान’ योजनेप्रमाणे खर्चाच्या ९० टक्के किंवा एकरी ५०० रुपये, जे कमी असेल ते सरकार देणार, तेही पाच फवारण्यांपर्यंत. भाच्याच्या आईने बैलाला ओवाळलं, तसं विमानालाही हळदकुंकू लावलं.

मी यावर हसले नाही. काकींच्या लक्षात आलं.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं गेली. वीसच्या वर गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कित्येकांना दिवसचे दिवस नीट दिसत नव्हतं. त्या वर्षी कापूस पुरुषभर उंच वाढला होता. नेहमी कमरेखाली फवारायचं, ते डोक्यावर नोझल धरून फवारावं लागलं, आणि वर मारलेलं औषध तोंडावर, मानेवर, बनियनवर परत येत राहिलं. आमच्या घरच्या सालदाराला उलट्या सुरू झाल्या तेव्हा माझ्या भावाने त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं. तो वाचला. पण त्यानंतर भावाने पंप घरात ठेवला नाही. म्हणून विमानाची चेष्टा मला फार वेळ करता येत नाही. माणूस बांधावर उभा आहे आणि विष दुसरंच कुणी वाहतंय, एवढं तरी खरं आहे.

“पण बोंडअळीचं काय झालं?” मी विचारलं.

“काय होणार? ती बोंडाच्या आत, विमान वर.”

हे काकींनी एका वाक्यात सांगितलं, कृषी अधिकाऱ्याला अर्धा तास लागला असता. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते आणि मागचं भोक बुजून जातं. मग वरून पाऊस पाडा की औषध, तिला काय? बीटी कापूस तिने पचवला हे देशात पहिल्यांदा जाहीर झालं तेही गुजरातचंच, २०१० मध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांतलं. माझा भाऊ कामगंध सापळे लावतो. मादीच्या वासाची छोटी गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात, आणि ते मोजून फवारणीचा दिवस ठरवायचा. काकींनी हे भाच्याला फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, त्याला सबसिडी किती?

“पण भांडण त्याच्यावरून नाही झालं,” काकींचा आवाज खाली आला. म्हणजे आता खरी बातमी. “भांडण झालं शेढापाडोशीशी.”

शेढो म्हणजे बांध. ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून, तो शेढापाडोशी. मराठीत एवढ्या नात्याला एक शब्द नाही, भांडायला मात्र दोन्हीकडे तेवढीच जागा आहे. या शेढापाडोशाने बांधाच्या पलीकडे गिलक्यांचा मांडव घातलेला. फवारणी सकाळी सातला ठरली होती. चिखलाने उशीर झाला आणि विमान उडालं अकराला. वारा सुटला होता. दहा लिटरमध्ये एकराचं औषध म्हणजे द्रावण तीव्र आणि थेंब धुक्यासारखे बारीक. असे थेंब बांध ओळखत नाहीत. अकराची वेळ म्हणजे गिलक्यांच्या पिवळ्या फुलांवर माश्यांची गर्दी. दुसऱ्या दिवशी मांडवाखाली मेलेल्या मधमाश्या सापडल्या. पुढे आठवडाभर फूल गळायचं, फळ धरत नव्हतं.

“त्याने मूठभर माश्या कागदात बांधून आणून ओट्यावर ठेवल्या. बोलला काही नाही. ठेवल्या आणि गेला.”

आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या शेंगा सोलत राहिलो. वारा पडलेला पाहून पहाटे किंवा संध्याकाळी फवारा, शेजाऱ्याला आधी सांगा, कडेच्या दोन-चार ओळी सोडा, हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. पण ज्याच्या दारात विमान आठवड्यातून एकदाच येणार, तो वारा पाहत बसतो का?

“आता रोझांचं ऐक,” काकींनी परात माझ्याकडे सरकवली.

दिवाळीनंतर तूर फुलली आणि रोझ यायला लागले. झटका मशीनची तार होती, पण एका मोठ्या नराने ती खांबासकट ओढून नेली. भाच्याच्या मुलाने, तो कॉलेजात जातो, मित्राकडून एक लहान ड्रोन आणलं. दोन किलोच्या आतलं. हौसेने उडवायला त्याला परवाना लागत नाही. त्याला टॉर्च बांधला, छोटा स्पीकर बांधला, आणि त्यात वाघाची डरकाळी भरली.

“वाघाची? डभोईला?”

“मीही तेच म्हटलं. गुजरातच्या रोझाला सिंहाचा आवाज तरी ऐकव.”

पहिल्या रात्री कळप असा उधळला, की मुलाने सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या रात्रीही पळाले. तिसऱ्या रात्री थोडे पळाले, थांबले, वर बघत राहिले. पाचव्या रात्री तो मोठा नर दिव्याच्या उजेडात शांतपणे तूर खात होता. “उजेडाची सोयच झाली त्याला,” काकी म्हणाल्या. जनावर फसतं ते नव्या गोष्टीला. वरून नुसता आवाज येतो, अंगाला काही लागत नाही, हे कळलं की संपलं. गोफणीत निदान दगड तरी असतो.

मुलाने हार मानली नाही. आता तो खाली खाली उडवून कळपाला रेटायला लागला. रेटून रेटून कुठे नेणार? बांधापलीकडे. शेढापाडोशाचा गहू कोवळा होता. मग त्याच्या घरचे थाळ्या वाजवत उठायचे आणि कळप परत इकडे. महिनाभर अशी रोझांची वरात बांधावरून ये-जा करत होती. जेवणं दोन्हीकडे!

“थाळ्यांचं म्हणशील,” झोपाळ्यावरून आवाज आला, “२०१९ च्या डिसेंबरात बनासकांठ्यात टोळधाड आली तेव्हाही लोकांनी थाळ्याच वाजवल्या. एक चौरस किलोमीटरचा थवा म्हणजे चार ते आठ कोटी टोळ. पस्तीस हजार माणसांचं दिवसाचं अन्न खातात. पुढच्या मे महिन्यात जयपूरकडे ड्रोन आणले. टोळांवर ड्रोन वापरणारा भारत पहिला देश, असं सरकारने सांगितलं. रात्री टोळ झाडावर बसले की हलत नाहीत. ट्रॅक्टर पोचत नाही तिथे ड्रोन पोचतं.”

“टोळ बसून राहतात म्हणून ते जमलं,” काकी म्हणाल्या. “रोझ बसतो का?”

काकांनी पेपरचं पान उलटलं.

माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं, मग मीही सांगून टाकलं. माझी बहीण नारायणगावला असते. २०२४ च्या पावसाळ्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे रात्री आकाशात ड्रोन फिरायला लागले. चोर आधी टेहळणी करतात, मग दरोडा घालतात, अशी आवई उठली. बहिणीचे सासरे काठी उशाशी घेऊन निजायचे, पोरं रात्रभर गस्त घालायची. तेच लोण पुढे बीड-जालन्यापर्यंत गेलं. आणि पुढच्या वर्षी? शिरूरच्या पिंपरखेडला बिबट्याने वीस दिवसांत तीन माणसं मारली, त्यांतली दोन लेकरं. लोक महामार्गावर बसले. तेव्हा ड्रोन आणा, ड्रोन आणा, अशी हाक त्याच माणसांनी दिली. अंगाची ऊब दिसणारा कॅमेरा लावलेलं ड्रोन आलं, उसात दडलेला बिबट्या त्यात दिसला, आणि नोव्हेंबरच्या त्या रात्री त्याला गोळी घातली. बहीण म्हणाली, “आता रात्री घरघर ऐकू आली की झोप लागते.” ऊस असा आहे, की पाच फुटांवरचं जनावर माणसाला दिसत नाही. बिबटे तिथेच वितात, पिल्लं तिथेच वाढतात. तिथे वरून बघणारा डोळा लागणारच.

“आपल्याकडे बरं,” काकी म्हणाल्या, “आपल्याकडे मगर.”

हे त्या गमतीने म्हणत नव्हत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा अकोट्याला छपरावर मगर बसलेली सगळ्या देशाने पाहिली. काकींच्या मावसबहिणीच्या वरंड्यात तर पिल्लू निघालं. पण मगरींना हाकलायचं विमान आणा असं आमच्या गल्लीत कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. नदी शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगर असणारच, हे आम्ही कधीच पत्करलंय. चरोतरात मलातजला तर खोडियार मातेचं वाहन म्हणून मगरीला हात जोडतात. रोझाच्या नावातही गाय आहे म्हणून कुणी त्याला मारत नाही, पण प्रेमही करत नाही. बिचारा मधल्यामध्ये.

“बरं, मग ड्रोन कुठाय आता?” मी विचारलं. शेंगा संपत आल्या होत्या, मुख्य बातमी अजून बाहेर पडत नव्हती.

काकींनी आधी मागे, मग रस्त्याकडे पाहिलं.

“मुलाने काय केलं, शेढापाडोशी रोझ आपल्याकडे हाकतो याचा पुरावा पाहिजे म्हणून सकाळी उजेडात वरून सगळ्या शेताचा व्हिडिओ काढला. वढवाण्याच्या तळ्याकडे नाही हं नेलं, तिकडे थंडीत पक्षी असतात, वडीलधाऱ्यांनी आधीच बजावलं होतं. फक्त आपलं शेत आणि त्याचं शेत. आणि पंचायतीत चार जणांसमोर मोबाइलवर लावला.”

“मग?”

“रोझ एकही नाही त्यात.”

“मग काय दिसलं?”

“बांध.”

वरून पाहिलं तर बांध सरळ यायला हवा. तो विहिरीपर्यंत सरळ आला आणि पुढे पोट काढल्यासारखा पलीकडे वळला. दोन चास. दर वर्षी नांगरताना थोडं थोडं, कुणाला कळणार नाही इतकं. खाली उभं राहून तीस वर्षं कुणाला दिसलं नव्हतं.

“म्हणजे शेढापाडोशाने बांध कोरला?”

काकींनी सोललेला लीलवा मुठीत घेतला आणि परत परातीत सोडला.

“आपल्या माणसाने कोरलाय. माझ्या भावाने, त्याच्या वेळी. देव त्याला सद्गती देवो.”

गुजरातीत बुजगावण्याला चाडियो म्हणतात. आणि चाडी म्हणजे चहाडी, म्हणून चहाडी करणाराही चाडियोच. शेतातल्या मडक्याच्या डोक्याला हे नाव का पडलं असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. तो बिचारा जन्मभर उभा राहून बघतो आणि कुणाला काही सांगत नाही. आता मात्र पाहिलेलं सांगणारा निघाला.

“मग पंचायतीत काय झालं?”

“काय व्हायचं? शेढापाडोशी हसला. तो म्हणाला, मला माहीत होतं, माझ्या बापालाही माहीत होतं. तुमच्या दादांनी आमच्या बहिणीच्या लग्नाला गाडी दिली होती, म्हणून बाप बोलला नाही.” काकींनी डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या. “नि माश्यांचं? तर म्हणाला, माश्यांचं वेगळं. ते मी विसरणार नाही.”

शेवटी असं ठरलं, की ते दोन चास कुणीच नांगरायचे नाहीत. तिथे एरंड लावायचा. एरंडाला रोझ तोंड लावत नाही म्हणतात. बी निघेल ते अर्धं अर्धं. पुढच्या भादव्यात विमान बोलवायचं तर दोघांनी मिळून, एकाच सकाळी, आणि गिलक्याच्या मांडवाच्या बाजूला हातपंपाने. भाच्याने कबूल केलं, विमानवाल्या सुनेने लिहून घेतलं.

“आणि मुलाचं ड्रोन?”

“ते राहिलंच की! उत्तरायणाच्या दिवशी पठ्ठ्याने पतंगांचा व्हिडिओ काढायला उडवलं. गावभर पतंग, त्यात हा. मांजा गुंडाळला पंख्याला आणि आलं की खाली, सरळ एरंडात. पोरं ‘कायपो छे’ ओरडत नाचली. मित्राचं ड्रोन, आता भरपाई द्यायची म्हणून बाप-लेक बोलत नाहीत. मोडकं होतं ते भावजयीने तुरीतल्या चाडियोच्या गळ्यात बांधून टाकलं. जुना सदरा, डोक्याला मडकं, नि छातीवर विमान.”

“घाबरतात का रोझ?”

“रोझांचं नको विचारू. पण त्याच्यावर एक काळा कोतवाल येऊन बसतो म्हणे, रोज सकाळी. तिथून झेप घेतो, पतंग पकडतो, परत तिथेच येऊन बसतो. भाचा म्हणत होता, कृषीवाल्यांनी सांगितलं होतं शेतात पक्षीथांबे रोवा, पक्षी अळ्या खातात. चार वर्षं सांगत होते, याने एक काठी नाही रोवली.”

आत कुकरची शिट्टी झाली. काकी उठल्या, परात उचलली, अर्धा लीलवा माझ्या वाटीत ओतला, आणि दारातून मागे वळल्या.

“बांधाचं तेवढं कुणाला सांगू नकोस हं. कचोरीत हिरवी लसूण घाल.”